पलंगाच्या पायथ्याशी

६ नोव्हेंबर, सोमवार

आज पाकिटं आली. जाड पिवळ्या कागदाची, चिकटपट्टीने बंद केलेली. प्रत्येकात एक चिठ्ठी आहे, ‘अ’ किंवा ‘ब’. अधीक्षकांना वाटतंय, आता आमच्या अतिदक्षता विभागात विज्ञान सुरू झालं. मला वाटतंय, आवरायला आणखी एक कपाट झालं.

काम तसं सरळ आहे. फुप्फुसं थकली की माणसाला व्हेंटिलेटर लावावा लागतो. त्या यंत्राचे मोड बरेच, आणि आमच्याकडे ज्याची पाळी त्याचा मोड असा कारभार चालतो. अधीक्षकांनी विचारलं, यातला चांगला कुठला? मी म्हणाले, माहीत नाही. ते म्हणाले, मग शोधा. तोंड उघडून काम ओढवून घेण्याची माझी सवय जुनीच आहे.

‘अ’मध्ये सगळं यंत्र ठरवतं. माणसाने मधेच श्वास ओढला तरी मिळतो तो यंत्राच्या मापाचाच. ‘ब’मध्ये श्वास माणसाने सुरू करायचा. त्याने ओढला की यंत्र मागून ढकलतं, चढावर हातगाडीला कुणी मागून हात लावावा तसं. दोन्हींपैकी कुठल्या मोडवरची माणसं लवकर सुटतात ते बघायचं. त्यासाठी जरा सावरलेल्या प्रत्येकाची सकाळी एकच परीक्षा. आधार जवळजवळ काढून घ्यायचा आणि अर्धा तास त्याला त्याच्या जिवावर श्वास घेऊ द्यायचा. मिनिटाला पस्तिसाच्या वर श्वास गेले आणि पाच मिनिटं तिथेच राहिले, ऑक्सिजन घसरला किंवा नाडी उधळली, तर नापास. नियम मीच लिहिले. मोठ्या सिस्टरनी ते भिंतीला चिकटवले.

“पाच मिनिटं होईपर्यंत काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“बघायचं.”

“नुसतं?”

“नुसतं.”

“हं,” त्या म्हणाल्या. त्यांचं हे ‘हं’ मी इतकी वर्षं ऐकतेय. आत बरंच काही असतं, पण त्या ते कधी उलगडत नाहीत.

सकाळी निघताना अण्णा शर्टाच्या बटणांशी झटत होते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वडील माझ्याकडेच आहेत. पाय बरा आहे, पण बोटं थरथरतात. एकेका बटणाला त्यांना किती वेळ लागतो ते उभं राहून बघवत नाही. मी पटापट लावून दिली.

“मी लावत होतो गं,” ते म्हणाले.

“लावत होतात, लागत नव्हती.”

हसले. मग नाही हसले.


७ नोव्हेंबर, मंगळवार

आज पहिलं पाकीट फोडलं. साठीचे गृहस्थ, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, ओठ निळे पडलेले. घशात नळी घालून यंत्राला जोडलं. चिठ्ठी निघाली ‘ब’. पहिले दोन-तीन दिवस झोपेच्या औषधावर यंत्रच सगळं करेल, ते दोन्ही गटांत सारखं. शुद्धीवर यायला लागले की ‘ब’ सुरू.

बायको दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी वहिनी म्हणाले, तेव्हा कुठे टोक सुटलं. गृहस्थ घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारतात. बटाट्याच्या थप्पीवर उभं राहून ओरडायचं.

“सगळ्या बाजाराला ऐकू जातो यांचा आवाज,” त्या म्हणाल्या. “घरात मात्र तोंड उघडत नाहीत. म्हणतात, आवाज बाजारात खर्च झाला.”

नळी असेपर्यंत बोलता येणार नाही, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. “असू दे. घरातली सवय आहेच मला.”

दुपारपर्यंत सिस्टर लोकांनी त्यांचं नाव लिलावकाका ठेवून टाकलं होतं.


१० नोव्हेंबर, शुक्रवार

चिडचिड झाली. लिलावकाका शुद्धीवर आहेत, काल संध्याकाळी मी स्वतः त्यांना ‘ब’वर ठेवून गेले. सकाळी येऊन बघते तर यंत्र ‘अ’वर. कुणी बदललं? कुणीच नाही. आमच्या विभागात सगळी कामं ‘कुणीच नाही’ करतं.

शेवटी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “मी बदललं. अलार्म थांबत नव्हता. कपाळावर आठ्या, मान ताठ. म्हटलं, जरा निजू दे बिचाऱ्याला. तुम्ही यायच्या आत परत करणार होते.”

“सिस्टर, असं केलं तर आपण मोजतोय काय? कागदावर ‘ब’, पलंगावर ‘अ’.”

“कागदाला दम लागत नाही ना मॅडम.”

मी जरा जास्तच बोलले. विज्ञान म्हणजे काय, वगैरे. त्या ऐकत ऐकत सुया मोजत राहिल्या. निवांतराव शेजारच्या पलंगापाशी स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. हा माझा कॉलेजपासूनचा सहकारी. त्याला निवांतराव म्हणतात, कारण तो कधी उभा राहत नाही. राउंडलासुद्धा स्टूल ओढत नेतो. आम्ही सगळे पलंगाच्या पायथ्याशी उभे, आणि हा उशाशी बसलेला, पाहुणा आल्यासारखा.

“तू भाषण फार छान देतेस,” तो म्हणाला.

“तू उठून काम कर.”

“बसून होतंय की.”


१२ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. झोपून काढायची ठरवली होती. अण्णांनी सकाळीच विषय काढला. त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन स्वतः पेपर आणायचा आहे. एकट्याने.

“पेपर घरी येतो, अण्णा.”

“येतो. पण मी जात नाही.”

दोन जिने आहेत, कठडा एका बाजूला सैल आहे, खाली रस्त्यावर मुलं सायकली कशाही चालवतात. हे सगळं मी शांतपणे सांगितलं. मी बरोबर येते म्हणाले. मग आम्ही गेलो. मी त्यांचा दंड धरला होता. प्रत्येक पायरीला ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होते, आणि तरी ते चौथ्या पायरीवर अडखळले. मी होते म्हणून बरं. अर्ध्या जिन्यातूनच परत आलो.

“अजून वेळ आहे याला,” मी म्हणाले.

अण्णा आपल्या खुर्चीकडे गेले. पेपर उघडून बसले. बराच वेळ पान उलटलं नव्हतं.


१४ नोव्हेंबर, मंगळवार

लिलावकाकांची पहिली परीक्षा. फुप्फुसांचा फोटो सुधारलाय, ताप नाही, ऑक्सिजन कमी लागतोय. मला आशा होती. आधार काढला आणि पायथ्याशी उभी राहिले. ते जागे होते, माझ्याकडेच बघत होते. सुरुवात बरी झाली. मग श्वास वाढायला लागले, पंचवीस, अठ्ठावीस, तीस. कपाळावर घामाचे दोन थेंब. डोळे मोठे झाले. मी थांबवलं. थोडं लवकर थांबवलं असेन, पण माणूस बुडताना बघत नाही बसायचं.

नोंद: नापास.

वहिनींना सांगितलं, उद्या परत बघू. त्या म्हणाल्या, “शाळेत पण यांचं असंच. पहिल्या फटक्यात कधी पास नाही झाले.”


१५ नोव्हेंबर, बुधवार

परत नापास. आज तर तिशीलाही पोचलो नाही. मी पायथ्याशी जाऊन उभी राहिले, अजून काही केलंही नव्हतं, आणि नाडी वाढायला लागली. शरीराला आठवण राहते बहुतेक. त्यांची दमछाक बघवेना. थांबवलं.

दुपारी त्यांना चार तास ‘अ’वर ठेवलं. स्नायूंना विश्रांती हवी. सिस्टर बघत होत्या, म्हणून सांगितलं की हा विचार करून घेतलेला वैद्यकीय निर्णय आहे, त्या रात्रीसारखी गोष्ट नाही.

“हं,” त्या म्हणाल्या.

पलीकडच्या खोलीतल्या बाई (पाकीट ‘अ’) आज सुटल्या. त्यांची परीक्षा निवांतरावने घेतली. तर्क असा निघतो की ‘अ’ चांगला. पण परवा ‘ब’वाले आजोबाही सुटले, तेही निवांतरावच्याच पाळीत. त्याचं नशीब बलवत्तर आहे, त्याला पेशंट सोपे मिळतात.


१७ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरी परीक्षा, तिसऱ्यांदा नापास. आता लिहायचाही कंटाळा येतो.

इतके दिवस घशात नळी ठेवणं बरं नाही. घशाच्या सर्जनना बोलावलं. ते आले, पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि मंगळवारी गळ्याला खालून छेद देऊन नळी बसवू म्हणाले. त्याने तोंड मोकळं होतं, सावकाश यंत्र सोडवता येतं. वाईट काही नाही त्यात. पण वहिनींना सांगताना ते तसं वाटत नाही.

“गळ्याला भोक?” त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला.

“तात्पुरतं. नंतर बुजतं.”

“आणि आवाज?”

“येतो परत. बहुतेकांचा.”

“बहुतेकांचा म्हणजे?”

मी खरं सांगितलं. आवाज बहुधा येतो, पण वेळ लागतो, आणि थप्पीवर उभं राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा येईलच याची हमी मी देऊ शकत नाही. त्यांनी पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “त्यांना दुसरं काही येत नाही हो. साधा चहा येत नाही करता. त्यांना आवाजच येतो.”

संमतीच्या कागदावर सही केली. पेन परत देताना म्हणाल्या, “तुम्ही खूप करताय, डॉक्टर. रोज स्वतः समोर उभ्या राहता. सिस्टर सांगत होत्या.”

आत जाऊन काकांनाही सांगितलं. पाटीवर लिहायला दिलं तर त्यांनी हात हलवून पाटी बाजूला केली. तोंड भिंतीकडे वळवलं. सोमवारी सकाळी शेवटची परीक्षा घ्यायचं ठरलं. मी स्वतः घेणार.


१८ नोव्हेंबर, शनिवार

दमलेय. घसा खवखवतोय. अण्णांचे बूट बांधून दिले, ते न बोलता पाय पुढे करून बसले होते. हल्ली वाद घालत नाहीत. बरं आहे.


२० नोव्हेंबर, सोमवार

घरी. ताप.

सकाळी गेले होते. मास्कआड खोकत विभागात शिरले, तर मोठ्या सिस्टरनी दारातच अडवलं. “तुम्ही आत यायचं नाही. इथे एकाचीही फुप्फुसं तुमचा खोकला घ्यायच्या लायकीची नाहीत.”

“आज लिलावकाकांची परीक्षा आहे.”

“आहे. तुमची नाही.”

वीस वर्षांत त्या माझ्याशी असं बोलल्या नव्हत्या. निवांतरावला फोन केला. म्हणाला, मी घेतो. मी सगळं समजावून सांगितलं. तिशीला पोचले की लक्ष दे, घाम बघ, दमले की लगेच थांबव. तो म्हणाला, “भिंतीवर पस्तीस लिहिलंय.” मी म्हणाले, ते मीच लिहिलंय, मला माहीत आहे.

घरी येऊन पडले. पाऊण तासाने फोन केला. “चालू आहे,” म्हणाला. मागे अलार्म वाजत होता. विचारलं, किती? म्हणाला, “मघाशी अडतीस होते.”

“मग थांबव!”

“मघाशी, म्हटलं. दोन मिनिटं होते. आता सव्वीस. फोन ठेव, आम्ही शब्दकोडं सोडवतोय.”

“काय?”

“उभा शब्द अडलाय. काका बोटांनी अक्षरं सांगतायत. ठेव.”

ठेवला. मग परत केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा सिस्टरनी उचलला. “पास,” त्या म्हणाल्या. “नळी काढली. खोकले. छान खोकले. झोपा आता.”

फोन हातात धरून पडून राहिले. आनंद झाला. झालाच. पण मी असतानाही तोच माणूस, तीच फुप्फुसं, तोच मोड होता. तीन दिवसांत स्नायूंत ताकद आली असणार. मी बुधवारी दिलेली विश्रांती उपयोगी पडली, असंही म्हणता येईल.

सर्जननी उद्याची वेळ रद्द केली. त्यांनी घड्याळ पाहिलं असेल.


२१ नोव्हेंबर, मंगळवार

ताप आहे. अण्णांनी चहा करायचा म्हणून हट्ट धरला. मला उठवेना, म्हणून नको म्हणायलाही जमलं नाही. स्वयंपाकघरातून आवाज ऐकत होते. डबा उघडला. काहीतरी पडलं. बराच वेळ काहीच नाही. गॅस पेटला की नाही कळेना. उठायला गेले तर भिंत फिरली, परत पडले.

शेवटी आले. कप दोन्ही हातांत, काठी काखेत. बशीत थोडा सांडला होता. शर्टाची बटणं लावलेली होती. सगळी. मला दिसलं, पण कधी लावली ते विचारायचं राहिलं.

“साखर विसरलो वाटतं,” म्हणाले.

“नाही, आहे,” मी म्हणाले. नव्हती. दुपारी परत केला. त्यात दोनदा पडली होती.


२३ नोव्हेंबर, गुरुवार

कामावर. लिलावकाका खुर्चीत बसले होते, नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी, मांडीवर पेपर. मला बघताच हात केला. वहिनी शेजारी मोसंबं सोलत होत्या.

आवाज म्हणजे घोगरी कुजबुज, पत्र्यावर वाळू ओढल्यासारखी. घसा सुजलेला आहे, उतरेल. मी टॉर्चने बघितलं, ठीक आहे म्हणाले. ते म्हणाले, “डॉक्टर, बसा.”

“राउंड आहे.”

“बसा हो. उभ्या राहू नका.”

वहिनींनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. मी स्टुलावर बसले. बसल्यावर त्यांचा चेहरा वेगळाच दिसला, इतके दिवस मी तो पायाकडूनच बघत होते.

“एक सांगू? राग मानू नका.”

“सांगा.”

“लिलावात आम्ही माल बघत नाही. माल काय, बटाटा तो बटाटा. आम्ही चेहरे बघतो. समोरच्याचा चेहरा पडला, की समजायचं, याची बोली संपली. तिथे थांबायचं, ओढायचं नाही.” ते दम घ्यायला थांबले. वहिनींनी फोड पुढे केली, त्यांनी हाताने थांबवलं. “तुम्ही तिथे उभ्या राहायच्या. पायाशी. मला यंत्र दिसायचं नाही, ते माझ्या डोक्यामागे. मला तुम्ही दिसायच्या. सुरुवातीला बरं वाटायचं मला, खरंच. मग तुमचा चेहरा पडायचा. मी म्हणायचो, झालं. हिला दिसतंय, आपण चाललो. मग छातीच धडधडायची.”

“अहो, काय बोलताय,” वहिनी म्हणाल्या. “डॉक्टर रोज तुमच्यासाठी…”

“ते खरंच आहे. माझ्यासाठीच पडायचा ना चेहरा.” मग हसले, हसताना खोकले, आणि खोकल्यावर पाणी प्यायले. “त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या तोंडावर काहीच नसतं बघा. पेपरात डोकं. मी दोनदा यंत्राच्या आवाजाला घाबरून त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणतात, पाच अक्षरी, पहिलं ‘म’. मला वाटलं, हा माणूस मरणाऱ्यापाशी बसून कोडं सोडवणार नाही. म्हणजे मी मरत नाहीये.”

मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक, छान, म्हणाले. राउंड पुरा केला. प्रत्येक पलंगाशी मला माझं तोंड जड वाटत होतं, नवा चष्मा लावल्यावर वाटतं तसं.

विचार केला तर ही पेशंटची समजूत आहे. नळीच्या दिवसांत माणसं काहीबाही बघतात. औषधांचा अंमल असतो.

पण नाडीचं खरं आहे. बुधवारी मी जाऊन नुसती उभी राहिले होते.


२५ नोव्हेंबर, शनिवार

अधीक्षकांना अंतरिम अहवाल हवा आहे. आम्ही तिघं चहाच्या खोलीत बसलो, मी, निवांतराव, मोठ्या सिस्टर. आकडे मांडले. ‘अ’ आणि ‘ब’मध्ये फरक नाही. आकडे कसेही फिरवले तरी नाही.

“निष्कर्ष लिहू का, फरक नाही म्हणून?” मी म्हणाले.

सिस्टरनी कप खाली ठेवला. “फरक कुठून दिसेल, मॅडम? ‘ब’वाले ‘ब’वर होते कुठे. अलार्म वाजला की आम्ही ‘अ’ करतो. सकाळी परत ‘ब’. माझ्याच पाळीत नाही, सगळ्याच पाळ्यांत. आणि तुम्ही दुपारी करता.”

“मी वैद्यकीय…”

“हो. आम्ही पण दयेनेच.”

निवांतराव बिस्किटाचा पुडा उघडायचा प्रयत्न करत होता. शेवटी म्हणाला, “परीक्षेचे आकडे मी वेगळे काढलेत. मोड सोडून. कुणी घेतली त्याप्रमाणे.”

“आणि?”

“बघायचे आहेत तुला?”

मी नको म्हणाले. मग हो म्हणाले. त्याने कागद सरकवला. वर नावं नव्हती, नुसते आकडे, पण माझी रांग कुठली ते कळायला नाव लागलं नाही. नापासांत सगळ्यात पुढे. आणि थांबवताना श्वास किती होते, त्या रकान्यात पस्तीस एकदाही नव्हतं.

“मी त्यांना बुडू द्यायला हवं होतं का?” मी विचारलं. आवाज जरा चढला.

“बुडत कोण होतं?” निवांतराव म्हणाला. त्याने मला बिस्कीट दिलं. सिस्टरनी कप उचलले, माझाही, अर्धा भरलेला.

संध्याकाळी अधीक्षकांना लिहिलं. जो मोड पाकिटात होता तो पलंगावर टिकला नाही, म्हणून ही तुलना ग्राह्य धरता येत नाही. पुन्हा करावी लागेल. परीक्षा घेणाऱ्याने रुग्णाच्या उशाशी बसावं, पायथ्याशी उभं राहू नये, आणि लिहिलेल्या मर्यादेआधी थांबवल्यास दुसऱ्या डॉक्टरला बोलावून दाखवावं, अशी एक ओळ नियमांत घातली. का, ते लिहिलं नाही. अधीक्षक विचारणार नाहीत. त्यांना वाटेल, विज्ञान आहे.

जाताना सिस्टर भिंतीवरचा जुना कागद काढत होत्या. “स्टुलं कमी आहेत आपल्याकडे,” म्हणाल्या.


२६ नोव्हेंबर, रविवार

लिलावकाका काल संध्याकाळी साध्या वॉर्डात गेले. सिस्टर फोनवर सांगत होत्या, की जाताना त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून विभागातल्या रिकाम्या पलंगाचा लिलाव पुकारला. आवाज दारापर्यंतही पोचला नाही, पण वहिनी तोंडाला पदर लावून रडत होत्या आणि हसत होत्या. बोली कुणी लावली नाही.

सकाळी अण्णांनी बूट घातले. नाड्या बांधायला किती वेळ गेला, मी स्वयंपाकघरात होते, बघितलं नाही. बघायचं नाही म्हणून भांडी घासली, कालची घासलेलीच.

“मी पेपर आणतो,” दारातून म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

जिना, कठडा, सायकली, सगळं ओठांवर आलं. “पैसे घेतलेत का?” एवढंच मी विचारलं.

“घेतले, डॉक्टरीणबाई.”

दार लागलं. काठीचा आवाज खाली जात राहिला. मध्ये थांबला. मी दाराच्या कडीला हात लावून उभी होते. परत सुरू झाला. कडी सोडली आणि खिडकीशी गेले.

ते खाली फाटकातून बाहेर पडले. पाठ दिसली. वरच्या दोन बटणांची अदलाबदल झाली असणार, कॉलर एका बाजूला वर आली होती. रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एक सायकल गेली, दुसरी गेली. श्वास मोजायची सवय अशी, की मी माझेच मोजत होते.

मग त्यांनी मान वळवून वर पाहिलं, नेमकं आमच्या खिडकीकडे.

मी पडद्यामागे झाले.

तिथे किती वेळ उभी होते, माहीत नाही. पडद्याला धुळीचा वास येतोय, धुवायला हवा. पुन्हा बघितलं तेव्हा रस्त्याच्या या बाजूला ते नव्हते.